पारीवर स्टाफ कोणी धरला होता?

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये कुणी मला शहाणपण शिकवायला नको — मी सिव्हिल इंजिनीअर आहे, गोंदियाच्या एका पॉलिटेक्निकमध्ये एकवीस वर्षं सर्व्हेइंग शिकवते, आणि या ग्रुपवरच्या निम्म्या गोष्टी मी चहा पिता पिता हसत वाचते. चिंचेखालची बाई, हायवेवर लिफ्ट मागणारा म्हातारा... रागावू नका, पण मला तुमची दया यायची. मोजता येतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, असं माझं साधं मत. आता जे लिहिते आहे त्यातली पंचाईत हीच आहे की ते मोजलेलं आहे. माझ्याच हातानं, फील्डबुकात, मिलिमीटरपर्यंत.

सर्व्हेइंगबरोबर माझ्या गळ्यात आणखी एक विषय पडलेला आहे — वास्तुकलेचा इतिहास. तो शिकवणारे सर नोकरी सोडून रायपूरला गेले आणि प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुम्हीच घ्या, सोपा आहे." सोपा कसला! पण हळूहळू मला त्याची गोडी लागली. पुरानंतर दोऱ्या ताणून शेतं पुन्हा आखणारे इजिप्तचे लोक, डोंगरातलं पाणी शहरापर्यंत आणणारे रोमन — कालव्याला उतार इतका मोजका की बघणाऱ्याला तो सपाटच वाटावा. अंगकोरचे अजस्र तलाव. श्रीलंकेतल्या तळ्यांच्या दगडी मोऱ्या. पुस्तक जाडजूड आहे, चित्रं झकास आहेत, आणि त्या अख्ख्या पुस्तकात आमच्या भागाबद्दल एक ओळ नाही. ज्या जिल्ह्यात जिकडे जावं तिकडे जुना तलाव आडवा येतो, त्या जिल्ह्याबद्दल! गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी जमिनीचा उतार नुसता नजरेनं आणि पाण्यानं जोखून हे तलाव बांधले, त्यांची पाणी सोडायची व्यवस्था आजही चालते, आणि मी वर्गात विचारलं की "तुमच्या गावचा तलाव कोणी बांधला?" तर देवरीची, तिरोड्याची पोरं एका सुरात सांगतात, "सरकारनं!" माझं डोकंच फिरतं.

तर जागा. कोहमाऱ्याच्या चौकातून देवरीकडे निघालात की काही किलोमीटरवर हायवे सोडून एक रस्ता आत जातो. गावाचं नाव देत नाही, कारण तुमच्यातले चार हौशी मोबाईल घेऊन तिथे जाऊन बसतील आणि गावाला उगाच ताप. तलावाची पाळ, म्हणजे आमच्याकडची पार, जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब. पश्चिमेच्या टोकाला पाणी सोडायची जुनी दगडी मोरी आहे, तिला इकडे तुडूम म्हणतात. पूर्वेच्या टोकाला पार किंचित वळते, आणि तिथून पुढे माणूस शिरणार नाही अशी बेशरमाची झाडी. या पूर्व टोकाखाली, थोड्या उंचवट्यावर, टोलीची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीची, शेतं. टोलीत अकरा घरं, सगळी बौद्ध. उंचवट्यामुळे पश्चिमेच्या तुडुमाचं पाणी त्यांच्या धानापर्यंत कधीच चढत नाही. पाऊस शेवटी शेवटी दगा देतो तेव्हा बाकी गावाचं धान तलावावर पिकतं आणि टोलीचं लोंबीत आलेलं धान उभ्या उभ्या पोचट होतं.

शेवंताबाई रामटेके याच टोलीतली. साठीच्या आसपास, दोन एकर धान, आवाज असा की पारीच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जावा. तिची मुलगी माझी विद्यार्थिनी, आता पुण्यात नोकरीला. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्या मुलीचा फोन आला — मॅडम, गावात तलावाची दुरुस्ती सुरू होते आहे, तुम्ही एकदा येऊन बघा, नाहीतर आमचं कायमचं बंद होईल.

काय बंद होईल, ते मी गावात गेले तेव्हा शेवंताबाईनं सांगितलं. "माही सासू सांगे, आमच्या वावरायले येगळी मोरी होती. पारीच्या त्या कोन्यात. तिनं तिच्या सासूकून आयकलं. डोऱ्यानं तिनं बी नाई पाह्यली, मी बी नाई."

"मग आहेच कशावरून?"

"मंग आमच्या वावरात कोरडा पाट कायले आहे? बिनापान्याचा पाट कोनी खोदते का म्याडम?"

मुद्दा बिनतोड होता. टोलीच्या शेतांत खरंच एक जुना पाट आहे, बुजत आलेला, आणि तो पारीपाशी जाऊन मातीत नाहीसा होतो. तिथे उंचावर दुसरं तुडूम असणार हे इंजिनीअरला कळायला सासूची साक्ष लागत नाही. प्रश्न होता नेमकं कुठे. कारण दुरुस्तीत पारीच्या सगळ्या बाजूंना दगडांचं पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर, होणार होतं, आणि एकदा ते झालं की पूर्वेचा कोपरा पुन्हा कोणी उकरणार नव्हतं.

सरपंच माणूस वाईट नव्हता. स्वतः कोहळी, धानाचा शेतकरी. म्हणाला, "म्याडम, टोलीले पानी भेटलं तं मले काय वाईट वाटते का? पन कागदावर एकच तुडूम आहे. जे कागदावर नाई ते मी कुठून आनू? आनि पार जागोजागी खोदू देल्ली तं बरसातीत अख्खं गाव वाहून जाईन. एक जागा सांगा. एकच. सोमवारी जेसीबी येऊन राह्यली. तिथं खोदतो. निघाली तं निघाली, नाई तं दगडं लावून मोकरे."

त्याचंही बरोबर होतं. जुनी पार म्हणजे दाबून दाबून बसवलेली माती, ती पाच ठिकाणी पोखरली तर संपलं. म्हणजे एकच खड्डा, आणि जागा सांगायची मी. चुकले तर अकरा घरांचं पाणी कायमचं गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं.

शनिवारी सकाळी मी लेव्हल मशीन घेऊन पोचले. सोबत आमचे लॅब अटेंडंट टेंभरेभाऊ. पोवार, तिरोड्याकडचे, रिटायर व्हायला दोन वर्षं. पॉलिटेक्निकच्या नोकरीत त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं — स्टाफ धरणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : लेव्हल म्हणजे तिकाटण्यावरची दुर्बीण, आणि स्टाफ म्हणजे चार मीटर लांबीची आकडे छापलेली पट्टी. एकजण स्टाफ जमिनीवर उभा धरतो, दुसरा दुर्बिणीतून आडव्या रेषेवर आलेला आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. आकडा मोठा तर जमीन खोल, आकडा लहान तर जमीन उंच. बस, एवढंच. यातली एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. दुर्बिणीत माणूस दिसत नाही. दिसतो फक्त स्टाफचा हातभर-दीड हात तुकडा. स्टाफ कोणी धरला आहे ते बघायचं असेल तर डोळा दुर्बिणीवरून काढावा लागतो, आणि शेकडो रीडिंगं घेणारा माणूस तसा तो काढत नाही. मीही काढत नव्हते.

थंडी होती. धुकं उतरून गेलेलं, ऊन कोवळं. साडेनऊ वाजले होते — वेळ सांगते आहे, कारण पुढे कुणीतरी "उन्हाची झळ असेल" म्हणणारच. झळ मी शिकवते. झळेत आकडे थरथरतात. झळ फेब्रुवारीच्या सकाळी नसते आणि ती स्टाफ धरत नाही.

पश्चिमेकडून दर वीस मीटरला रीडिंग घेत आम्ही तीनशे चाळीसपर्यंत आलो. तिथे मशीन पुन्हा लावलं, मागचा बिंदू घेतला, हाताने टेंभरेभाऊंना "पुढे" अशी खूण केली आणि वहीत आकडेमोड करायला खाली मान घातली. मान वर केली ती थेट दुर्बिणीत. साठ मीटरवर, झाडीच्या वर, स्टाफ उभा होता. आकडे स्वच्छ. आणि स्टाफ डुलत होता — हळूच माझ्याकडे, हळूच मागे.

मला इतका आनंद झाला काय सांगू! स्टाफ असा पुढेमागे डुलवायचा असतो, त्यात सगळ्यात लहान आकडा येतो तो खरा. वर्षानुवर्षं मी टेंभरेभाऊंच्या मागे लागले आहे, भाऊ, स्टाफ डुलवा, आणि त्यांनी तो एकदाही डुलवलेला नाही. खुंट्यासारखा धरून उभे राहतात. म्हटलं, आज अखेर देव पावला. सगळ्यात लहान आकडा घेतला : ३.८६५. लिहिला. हात वर करून "झालं" अशी खूण केली. स्टाफ उचलला गेला, दुर्बिणीतून सरकत पारीच्या दुसऱ्या अंगाला, शेताच्या बाजूला, जाऊन पुन्हा उभा राहिला. पुन्हा डुलला. ३.८९०. तेही लिहिलं.

मग मनात आलं, हे आकडे फारच मोठे आहेत. इतक्या खोल भाऊ उतरले कुठे? डोळा काढला.

समोर झाडी. बेशरमाची, अखंड. वारा नाही, पान हलत नव्हतं.

"म्याडम, पुढची रीडिंग घेऊन राह्यल्या का?" आवाज माझ्या मागून आला.

वळले. टेंभरेभाऊ मागे वीस-पंचवीस पावलांवर, कडुनिंबाखाली शेवंताबाईजवळ बसले होते. एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात सुतळी. स्टाफ त्यांच्या बाजूला, चारही तुकडे एकात एक सरकवून बंद केलेला, आडवा पडलेला.

"भाऊ... तुम्ही पुढे गेला नव्हता?"

"कैसा जाऊ? पट्टा तुटला ना चप्पलचा. काटेच काटे आहे तिकडं. तुम्हाले आवाज देल्ला मी, तुम्ही लिहून राह्यल्या होत्या."

"मग स्टाफ?"

"ये रहा स्टाफ."

आम्ही एकच स्टाफ आणला होता. कॉलेजात चांगला स्टाफ आहेच एक, दुसऱ्याची पट्टी वाकलेली आहे. मी पहिल्यांदा काय केलं असेल? चिडले. मला वाटलं कोणीतरी गावातला टवाळ माझी थट्टा करतो आहे. तरातरा झाडीकडे गेले. बेशरमाच्या काड्या तुम्हाला माहीत असतील, माणूस घुसला की कडाकडा मोडतात आणि पांढरा चीक गळतो. एक काडी मोडलेली नव्हती. दव पडलं होतं त्याच्यावर, जसंच्या तसं. खरं सांगते, थोडी भीती वाटली. फार नाही. एखादं गणित सुटलेलं दिसावं आणि रीत सापडू नये, तेव्हा जी चिडचिड होते, ती जास्त होती.

परत येऊन टेंभरेभाऊंना सांगितलं. ते चप्पल बांधत ऐकत राहिले. मग म्हणाले, "लिहिली का रीडिंग?"

"लिहिली."

"तं मंग लिहिली. फील्डबुकात खोडत नाई म्हनून तुम्हीच तं पोरायले चिल्लावता."

आता खरी गोष्ट ऐका. आम्ही दोघांनी कोयत्यानं झाडी तोडली आणि शेताच्या बाजूला, जिथे दुसऱ्यांदा स्टाफ उभा दिसला होता त्याच रोखानं आणि तेवढ्याच अंतरावर, टेंभरेभाऊंना खराखुरा स्टाफ घेऊन उभं केलं. मशीन हललं नव्हतं, मी तपासलं. रीडिंग आलं १.९६५. सकाळचं होतं ३.८९०. वजा करा. एक मीटर नऊशे पंचवीस मिलिमीटर, म्हणजे सव्वासहा फूट. सकाळी स्टाफचं बूड जमिनीच्या सव्वासहा फूट खाली टेकलेलं होतं.

जरा थांबून विचार करा याचा. माझ्या दुर्बिणीत आला तो स्टाफचा वरचा भाग, तो मातीच्या वरच असणार, म्हणून मला दिसला. पण तो धरणारा माणूस — माणूस असेल तर — सबंध मातीच्या आत उभा होता. डोक्यासकट. मी वर्गात सांगते की जुन्या शहरांचे रस्ते आजच्या रस्त्यांच्या खाली असतात, कारण माती साचत जाते आणि प्रत्येक पिढी थोडी वर राहायला येते. पुस्तकात रोमच्या प्रकरणात हे चित्रासकट दाखवलेलं आहे. त्या चित्रातल्या खालच्या रस्त्यावर कुणी उभं असेल असं मात्र माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

रविवारी दिवसभर घरी आकडेमोड केली. माझा स्वतःचा अंदाज वेगळा होता. शेतातल्या पाटाची सरळ रेषा पारीपर्यंत वाढवली की ती तीनशे साठवर येत होती, आणि कुठलाही इंजिनीअर तिथेच बोट ठेवेल. स्टाफ दिसला ती जागा साठ मीटर पुढे, चारशेवर. चाळीस मीटरचा फरक! मग मी त्या दोन रीडिंगांची उंची काढली आणि पाटाच्या तळाशी ताडून पाहिली. तलावाकडचं टोक शेताकडच्या टोकापेक्षा पंचवीस मिलिमीटर उंच. पारीच्या रुंदीला इतका उतार अगदी योग्य. शेताकडच्या टोकापासून कोरड्या पाटापर्यंतही पाणी चालेल असाच उतार. आणि तीनशे साठवर? तिथे त्या उंचीला मोरी ठेवली तर पाणी थेट शेतात पडून बांध फोडेल. ज्यानं बांधलं त्यानं पाणी मुद्दाम लांबून, पारीच्या वळणाच्या आडून, दम खायला लावत आणलं होतं. माझा अंदाज वहीवरचा होता. हा पाणी ओळखणाऱ्याचा होता.

घरच्यांना मी काही सांगितलं नाही. नवरा म्हणाला, "एवढी गप्प का?" मी म्हटलं, "उद्या माझी परीक्षा आहे." ते खरंच होतं. एकीकडे माझं एकवीस वर्षांचं शिक्षण तीनशे साठ म्हणत होतं, दुसरीकडे कोणी दिले ते माहीत नसलेले दोन आकडे चारशे म्हणत होते. शेवटी मी पोरांना जे सांगते तेच स्वतःला सांगितलं — आकडा कोणी दिला ते बघू नका, बरोबर आहे का ते बघा. तपासून पाहिला होता. बरोबर होता.

सोमवारी सरपंचानं विचारलं, "कुठं?"

"चारशेवर. शेताच्या बाजूनं. सव्वासहा फूट."

"इतकं नक्की कसं?"

"मोजलंय," मी म्हटलं. यात खोटं काही नव्हतं.

टोलीतली अकराही घरं येऊन उभी होती. बायका डोक्यावर पदर घेऊन, गप्प. जेसीबी खणायला लागली. तीन फूट, माती. चार फूट, माती. पाच फुटांवर सरपंच माझ्याकडे बघायला लागला आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. साडेपाच फुटांवर मी जेसीबी थांबवायला लावली, बकेटचे दाते लागून दगड फुटला तर काय उपयोग. पुढचं फावड्यानं. खाली चिकट काळी माती लागली, पारीच्या लाल मातीहून वेगळी, बाहेरून आणून ठासल्यासारखी. तिच्यात हातभर दगडगोटे. कोणीतरी कधीतरी ती मोरी बुजवली होती. का, ते मला माहीत नाही आणि गावात कुणालाच माहीत नाही.

मग फावडं खण् करून वाजलं.

आधी एक आडवा दगड, घडवलेला, कडेला खाच. मग त्याच्या दोन्ही बाजूंना उभे दगड. खाली तळाची फरशी, पाण्यानं झिजून गुळगुळीत झालेली. शेवंताबाई खड्ड्याच्या काठावर बसली आणि तिनं एवढंच म्हटलं, "हाव ना. सासू खोटं नाई बोलली." बाकीच्या बायका मग एकदम बोलायला लागल्या, सगळ्या एकाच वेळी, काही कळेना.

मी टेंभरेभाऊंना खड्ड्यात उतरवलं. तळाच्या फरशीवर स्टाफ ठेवला. मशीन नव्यानं लावलेलं, त्यामुळे बेंचमार्कवरून, म्हणजे ठरवलेल्या पक्क्या खुणेवरून, पुन्हा उंची काढली. शनिवारच्या दुसऱ्या रीडिंगवरून काढलेली उंची आणि ही उंची — फरक शून्य. मग तलावाच्या बाजूनं मोरीचं तोंड मोकळं केलं, तिथेही तेच. स्टाफवरचं सगळ्यात लहान घर पाच मिलिमीटरचं असतं. तेवढाही फरक नाही.

सरपंच खड्ड्यात डोकावला. मग कुणी न विचारताच म्हणाला, "पिचिंग इथं सोडून लावा रे. मोरी मोकरी ठेवा." जाताना मला म्हणाला, "कागदावर चढवतो म्याडम." आणि त्यानं चढवली.

आता स्पष्टीकरणं. मी सगळी तपासली, तुम्ही नवीन देऊ नका. झळ नाही, सांगून झालं. दुर्बिणीचा फोकस बरोबर होता. डोळे महिन्याभरानं तपासून घेतले, उत्तम आहेत. कॉलेजातले एक सहकारी म्हणाले की जमिनीतला किंचित खळगा तुमच्या डोळ्यांनी नकळत टिपला आणि मेंदूनं आकडा तयार केला. बरं, मान्य. खळगा टिपला. पण सव्वासहा फूट मातीखालची फरशी मेंदूनं पाच मिलिमीटरच्या आत कशी टिपली? त्यावर ते म्हणाले, "योगायोग." एक योगायोग मी मान्य केला असता. दोन्ही टोकांना, दोन वेगळे आकडे? दुसरे एकजण म्हणाले, मॅडम, तुम्ही नंतर लिहिलं असेल. त्यांच्याशी मी बोलत नाही. वही माझ्याकडे आहे, पानं क्रमानं आहेत. आणि जो आकडे छापलेला स्टाफ मी वाचला, तो त्या क्षणी कडुनिंबाखाली बंद पडला होता. याचं उत्तर मला माहीत नाही. माझ्या विषयातल्या कुठल्याही पुस्तकात नाही. मी आजही म्हणणार नाही की भूत होतं. नव्हतं, असं म्हणायलाही माझ्याकडे आता तोंड नाही.

ऑक्टोबरात पाऊस आठवडाभर आधीच उठला. धान लोंबीत होतं. सरपंचाचा फोन आला की टोलीची मोरी उद्या सोडतो आहे, या. मी आणि टेंभरेभाऊ गेलो. सकाळी तोंड उघडलं, पाणी जुन्या पाटानं वळण घेत, कुठे अडत, कुठे पसरत निघालं. शेवंताबाईचं वावर सगळ्यात शेवटी. दुपार झाली तिथे पोचायला. ती बांधावर उभी होती, पाणी आलं तशी खाली उतरून घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. 

तेव्हा मी तिला सांगितलं. आजवर गावात कुणालाच माहीत नव्हतं. वाटलं, हिच्यापासून लपवणं बरं नाही. स्टाफ धरलेला माणूस नव्हता हे सांगितलं, झाडीचं सांगितलं, मातीच्या आतल्या सव्वासहा फुटांचं सांगितलं. ऐकून ती घाबरली नाही, हात जोडले नाहीत.

"भूत-बित आमी मानत नाई म्याडम. आमच्या घरात ते चालत नाई."

"मीही मानत नाही."

"पन कोनी तं आलं होतं ना?"

"आलं होतं."

"आमच्याच वावरासाठी?"

"तसंच म्हणावं लागेल."

 ती माझ्याकडे वळली आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क राग होता. "मंग त्याले जेवाले काऊन नाई इचारलं तुमी?"

 "अहो, मला माहीतच नव्हतं की..."

"तुमी दोघं त्या दिवशी जेवले माह्या घरी. वरन-भात, वांग्याची भाजी. तो तसाच गेला. आमचं काम करून उपाशी गेला ना तो?"

टेंभरेभाऊ मान खाली घालून उभे राहिले. आणि मी... हसू यायला हवं होतं, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतके महिने मी फक्त हे कसं झालं याच्याच मागे होते. माझ्या जाड पुस्तकातल्या कुठल्याच बांधकामाबद्दल असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"चौघायले पुरला असता भात," शेवंताबाई म्हणाली आणि पाण्यातून पाय ओढत पलीकडचा बांध बघायला गेली.